जावईबापूंचा पालट

"संपला हिवाळा," असं जावईबापूंनी बनियनवर जिना उतरता उतरता जाहीर केलं आणि दुकानाचं शटर वर ढकललं.

बायको गल्ल्यापाशी फडकं मारत होती. तिच्या अंगात स्वेटर होता, स्वेटरवर शाल होती. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? नाकाला कळतं. हवेतली धार गेली."

"परवापर्यंत नाक चोंदलं होतं ना तुमचं?"

"म्हणूनच तर आज सुटलं. हवा बदलली, नाक सुटलं. सरळ आहे."

ती पुन्हा फडकं मारायला लागली.

दुकान दुतोंडी होतं. थंडीत स्वेटर, मफलर, कानटोप्या. उन्हाळ्यात पंखे आणि कूलर. पाटीसुद्धा दोन्ही बाजूंनी रंगवलेली, हवा बदलली की उलटायची. उरलेला लोकरीचा माल वर डोंगरावर मेहुण्याच्या दुकानात पाठवायचा, कारण तिथे थंडीचा मुक्काम लांबतो. या सगळ्या उलथापालथीला घरात 'पालट' म्हणत. पालट कधी करायचा हे आजवर सासरे ठरवत आले होते. त्यांची पद्धत अगदी सोपी. गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांनी पांघरुणं धुऊन वाळत टाकली की मगच ते पाटीला हात लावायचे. यात काही डोकं लागत नाही, असं जावईबापूंचं मत होतं. सासऱ्यांचा पालट कधी फसला नव्हता, ही गोष्ट ते मोजत नसत.

यंदा सासऱ्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. ते म्हणाले, "जावईबापू, यंदाचा पालट तुमच्या हातचा. नीट झाला तर गल्ल्यामागची खुर्ची तुमची. फसला तर माझी लेक बसेल."

त्या खुर्चीवर जावईबापूंचा जीव होता. लग्न झाल्यापासून ते स्टुलावर चढून खोकी उतरवत होते. सासरे दुपारी आडवे झाले की ते हळूच खुर्चीत बसून बघायचे, हात दोन्ही बाजूंना टेकवायचे आणि जिन्यात पाऊल वाजलं की उठून उगाच कात्री शोधायचे. आता ती खुर्ची उजळ माथ्याने मिळणार होती, फक्त हवेने साथ द्यायला हवी होती. आणि हवा आपलं ऐकते, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

तेवढ्यात डोंगरावरून मेहुण्याचा फोन आला. फोनमध्ये नुसती घरघर. "भाऊजी... पं... पं... लोकर पाठवा! ऐकू येतंय का? सगळं लोकर पाठवा! माणसं हैराण झालीत इथे!"

"पाठवतो, पाठवतो! आजच पाठवतो!" जावईबापू ओरडले आणि फोन बंद पडला. "बघ, तुझ्या भावाचे दात कसे वाजतायत. पं पं पं करतोय बिचारा. वर थंडी, खाली ऊन. असा पालट बाबांनासुद्धा कधी जमला नसेल."

"नक्की काय म्हणाला तो?"

"सगळं लोकर पाठवा म्हणाला. खरं तर सगळी लोकर म्हणायला पाहिजे. डोंगरात राहून भाषा बिघडली त्याची. भेटला की सांगतो."

दुपारच्या आत ट्रक भरून निघालासुद्धा. जावईबापूंनी एक मोजा मागे ठेवला नाही. पाटी उलटली, पंखे टांगले आणि ऐटीत सगळे एकदम चालू केले. ऊनही असं पडलं की एक गृहस्थ घाम पुसत आले आणि पंखा घेऊन गेले. जावईबापूंनी आतल्या खोलीत डोकावून सासऱ्यांना तेवढं ऐकवून घेतलं.

ऊन उतरायला लागलं आणि वारा फिरला. आधी पाटी हलली, मग दुकानातली रिकामी खोकी आपोआप इकडून तिकडे सरकायला लागली. समोरच्या शाळेतल्या बाई पदर कानाभोवती गुंडाळून आत शिरल्या.

"एक जाडसा स्वेटर द्या हो पटकन."

"पंखा बघा ना बाई. तीन पात्यांचा, आवाज अजिबात नाही."

"मी इथे काकडतेय आणि तुम्ही मला पंखा दाखवताय?"

"ही जातानाची थंडी आहे, बाई. पाहुणा उठला की दारात जरा बोलत उभा राहतो ना, तसं चाललंय तिचं. मनावर घ्यायचं नाही."

"तुमचा पाहुणा चपला काढून परत आत येतोय. बाहेर बघा!"

बाहेर गारा पडत होत्या. शटरच्या पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज झाला आणि रस्त्यावरची माणसं आडोशाला म्हणून दुकानात घुसली. घुसली ती सगळी स्वेटरच मागायला लागली. जावईबापूंनी सगळ्यांना जातानाच्या थंडीचं समजावलं, पण त्यांचेच दात वाजायला लागल्यामुळे ते कोणाला नीट समजेना. शेवटी एका आजोबांनी बोट दाखवून विचारलं, "ती शाल केवढ्याला?"

शाल बायकोच्या अंगावर होती. जावईबापूंनी तिच्याकडे आशेने पाहिलं.

"हात तर लावून बघा," ती म्हणाली. "आणि आधी ते पंखे बंद करा!"

इतक्यात पुन्हा फोन. यावेळी मेहुण्याचा आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. "भाऊजी, काय चालवलंय काय? ट्रकवाल्याचा घाटातून फोन आला, स्वेटर घेऊन निघालोय म्हणून! इथे बर्फ वितळून गटारं वाहतायत, माणसं पुठ्ठ्याने वारा घेतायत!"

"अरे, तूच म्हणालास ना लोकर पाठवा?"

"पंखे म्हणालो! पंखे, लौकर पाठवा! लौ-कर! सगळं लौकर पाठवा!"

आतल्या खोलीतून सासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला थंडीचा नव्हता. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली आणि तिच्यात बायको बसलेली दिसली. पण हार मानतील तर ते जावईबापू कसले!

"काही बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "स्वेटरचा ट्रक माघारी बोलावतो. पंखे टेम्पोत घालून वर पाठवतो. सकाळी ज्याचं त्याला मिळालेलं असेल."

"आणि सकाळी हवा फिरली तर?" बायकोने विचारलं.

"आता नाही फिरत. मी सांगतो ना."

टेम्पो गेला. सकाळी जावईबापू अंगावरची चादर लाथाडत उठले ते घामाने भिजून. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि दुकानापुढे कालचीच माणसं पंखे मागायला उभी होती. शाळेतल्या बाई सगळ्यांत पुढे होत्या. "कालचा तो आवाज न करणारा द्या," त्या म्हणाल्या. तेवढ्यात डोंगरावरून फोन: वर बर्फ पडत होता आणि मेहुण्याला आता खरोखरच लोकर हवी होती. लौकर हवी होती.

"सोपं आहे!" जावईबापूंनी फोन हातात घेतला. "दोन्ही गाड्यांना सांगतो, आल्या तशा मागे फिरा."

बायकोने फोन काढून घेतला. "गाड्या आहेत कुठे आत्ता?"

दोन्ही गाड्या घाटातल्या गावात एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, इथली माणसं गाडीच सोडत नाहीत. सकाळी उजाडताना स्वेटर मागतात, ऊन चढलं की पंखे. काय करू?"

"तिथेच थांबा. मी येते," ती म्हणाली आणि खरोखरच पहिली बस पकडून गेली.

दोन दिवसांत दोन्ही गाड्या रिकाम्या झाल्या. तिने भावाकडचं उरलंसुरलंही तिथेच मागवलं, गावातल्या चौकात एक गाळा बघितला आणि वडिलांना कळवलं की आपण आता इथेच एका भिंतीला पंखे आणि दुसरीला स्वेटर लावतोय, पाटी उलटायची भानगडच नको.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जावईबापूंना हाक मारली. "बसा. खुर्ची तुमची."

"म्हणजे?" जावईबापूंचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "पालट नीट झाला म्हणताय?"

"कसला नीट! दुकानात एक खिळा उरलेला नाही विकायला. आता काही चुकायचं म्हटलं तरी जमणार नाही तुम्हाला. खुशाल बसा."

जावईबापू बसले. दोन्ही बाजूंना हात टेकवले. समोर रिकामी फडताळं, वर रिकामे हूक, रस्त्यावरून माणसं दुकानाकडे न बघता चाललेली. जिन्यात पाऊल वाजलं तरी उठायची गरज नव्हती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते मिळालं होतं आणि त्यांना भयंकर कंटाळा आला. बायकोची आठवणही आली, फडक्यासकट आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली सासऱ्यांच्या हातात ठेवली आणि बस स्टँड गाठलं.

घाटातल्या गावात गाळ्यापुढे ही गर्दी. आत जागा पुरेना म्हणून नवा आलेला माल रस्त्यावरच मांडला होता आणि बायको मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी विकत होती.

"काय पाहिजे?" तिने न बघताच विचारलं.

"काम."

तिने वर पाहिलं. हसू आलं होतं, ते तिने दाबलं. "एका अटीवर. हवेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. गिऱ्हाईकाशी नाही, माझ्याशी नाही, स्वतःशीसुद्धा नाही."

"नाही बोलणार."

"शपथ?"

"शपथ."

जावईबापू स्टुलावर चढले आणि कामाला लागले. दुपारभर त्यांनी तोंडातून हवेचा ह काढला नाही. मध्येच त्यांनी मान वर केली. डोंगराच्या अंगाला ढग काळवंडले होते, वारा एकदम पडला होता आणि त्यांचं नाक सारखं हुळहुळत होतं. त्यांनी तोंड उघडलं. बायकोने भुवई उंचावली. त्यांनी तोंड मिटलं आणि मुकाट्याने कानटोप्यांची चळत लावायला घेतली.

थोड्याच वेळात आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. रस्त्यावर मांडलेले स्वेटर पाणी पिऊन गोधडीएवढे जड झाले, खोक्यांतल्या पंख्यांत तळी साचली, गिऱ्हाइकं डोक्यावर पिशव्या धरून पळाली. दोघं चिंब भिजून माल आत ओढत होती.

"मला मघाशीच कळलं होतं," जावईबापू धापा टाकत म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा अंदाज बरोबर ठरला होता आणि आनंदाने त्यांचा ऊर भरून आला होता. "चांगला तासभर आधी! शंभर टक्के पाऊस येणार, अगदी आतून कळलं होतं!"

बायको हातातला निथळता स्वेटर तसाच धरून उभी राहिली.

"मग बोलायला काय झालं होतं?"