कुणालाही न दिसणारी जागा

मोजणीदाराला आपल्या मोजणीचा भारी अभिमान. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने ठोकलेली खुंटी इंचभरही चुकली नव्हती, आणि हे त्याच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस गावात उरला नव्हता. बेकरीवाल्यालासुद्धा त्याने ते ऐकवलं होतं. तेही कधी, तर बेकरीच्या पुढच्या तीन पायऱ्या रस्त्याच्या हद्दीत येतात म्हणून फोडल्या जात होत्या तेव्हा.

"काका, हवं तर स्वतः मोजून बघा," असं तो वर तोंड करून म्हणाला होता. काकांनी टेप आणून मोजलं. चूक निघाली नाही. त्या दिवसापासून बेकरीवाला मोजणी खात्यातल्या माणसाला पाव विकत नसे.

आणि हा पठ्ठ्या प्रेमात पडला तो नेमका त्याच बेकरीवाल्याच्या मुलीच्या!

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना लांबचं आणि जवळचं दाखवून ती स्वतः स्पष्ट बोलायला शिकली होती. बाबा या जन्मी हो म्हणणार नाहीत, तेव्हा पळून जाऊन लग्न करू, असं तिनेच सुचवलं.

"करू," मोजणीदार म्हणाला, "पण उघड्यावर, छान जागी. आणि कुणाच्या नजरेस पडता कामा नये. जागा मी शोधतो. ते माझं कामच आहे."

इथेच गाडं अडलं, ते आठ महिने हललं नाही. नदीकाठ त्याला दमट वाटला. बागेवर तीन गॅलऱ्यांची नजर होती. टेकडीच्या माथ्यावर वारा फार, लग्नाच्या रजिस्टरची पानं उडतील. जुन्या खाणीत आवाज घुमतो, म्हणजे एकदा दिलेला होकार दोनदा ऐकू येणार आणि उद्या कायद्याचा घोळ होणार.

"आपल्याला पळून जायचंय की धरण बांधायचंय?" मुलीने विचारलं. "हे बघ, येत्या रविवारी अकरा वाजता. नाहीतर सोमवारी मी दुसऱ्या गावच्या दुकानात बदली मागून घेते. मग बस एकटाच जागा मोजत."

ती नुसतं बोलत नसे, करून दाखवत असे. हे ठाऊक असल्याने मोजणीदाराचे धाबे दणाणले. दोन दिवसांत त्याने टेकडीमागचा एक खोलगट माळ शोधून काढला. तिथून एकही घर दिसत नव्हतं, म्हणजे एकाही घरातून तो माळ दिसत नव्हता. वारा नाही, जमीन सपाट, अकरा वाजता ऊन पाठीवर. दुर्बीण लावून त्याने तीनतीनदा खात्री केली.

एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मुलगी वाट चुकली तर? विवाह नोंदणी अधिकारी बाई चुकल्या तर? म्हणून त्याने हाताच्या सवयीने बेकरीच्या मागच्या दारापासून थेट त्या माळापर्यंत खुंट्या ठोकल्या. त्यांना लाल रंग लावला, प्रत्येकीवर आकडा घातला आणि दर पन्नास पावलांवर एक लाल झेंडा रोवला. चोरून लग्नाला जायची वाट इतकी व्यवस्थित कुणी आखली नसेल.

रविवारी अकराला मुलगी आली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"माझ्या घरापासून लग्नापर्यंत झेंडे लावलेस तू?"

"चुकली नाहीस ना?" तो कौतुकाने म्हणाला.

अधिकारी बाईंनी घडीचं टेबल मांडलं, रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "साक्षीदार कुठे आहेत?"

मोजणीदाराने खिशातली यादी काढली. सतरा मुद्दे होते. उतार होता, सावली होती, मुंग्यांची वारुळंसुद्धा होती. साक्षीदार नव्हते.

"बाई, इथे कुणी बघणार नाही अशीच जागा निवडलीय," तो म्हणाला.

"अहो, कुणी बघितल्याशिवाय लग्न लागत नाही," बाई म्हणाल्या.

इतक्यात टेकडीच्या कडेने माणसं उतरू लागली. दहा, वीस, साठ! हातात फलक होते: 'नवा रस्ता नको'. झेंडे बघून अख्ख्या गावाने एकच अर्थ लावला होता, आणि खुंटी क्रमांक एक ज्याच्या मागच्या दाराशी होती तो बेकरीवाला सगळ्यांच्या पुढे होता.

"मोजणीदार, पुढच्या पायऱ्या घेतल्यात, आता मागून येताय?" तो गरजला. मग त्याचं लक्ष मुलीकडे गेलं. "आणि तू इथे काय करतेस?"

अठरा वर्षं न चुकलेला माणूस म्हणाला, "या... या मोजणीच्या मदतीला आल्यात."

मुलीने त्याच्याकडे एकदाच बघितलं. नंबर चुकलेला चष्मा परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"मी कोण आहे ते परत सांग," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं. नाहीतर मी निघाले."

ती खरंच वळली. चार पावलं गेली. मोजणीदार डोळे मिटून ओरडला, "रस्ताबिस्ता काही नाही! आमचं लग्न आहे!"

मग एकेकाने फलक खाली ठेवला, आणि चालून दमले होते म्हणून त्याच्यावरच बसले.

बेकरीवाला तेवढा उभाच राहिला. "रस्ता नक्की नाही?"

"नाही, काका."

"माझ्या भिंतीला हात लागणार नाही?"

"नाही."

"लेखी द्या."

मोजणीदाराने तिथेच लिहून दिलं. बेकरीवाल्याने कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि साक्षीदार म्हणून पहिली सही ठोकली. मुलीने सही करायच्या आधी नवऱ्याकडून झेंडे उपटून आणायचं वचन घेतलं.

झेंडे त्याने उपटले. खुंट्या राहू दिल्या. इतक्या अचूक ठोकलेल्या खुंट्या उपटायला त्याचा हात धजेना.

पुढल्या वर्षी खात्यात नवे साहेब आले. टेकडीवर फिरताना त्यांना खुंट्या दिसल्या. एवढी चोख आखणी वाया का घालवायची, म्हणून त्यांनी रस्ता मंजूर केला. आता त्या माळावर बसथांबा आहे.

बेकरीची मागची भिंत अडीच फूट आत गेली. जावयाने लिहून दिलेला कागद सासऱ्यांनी उरलेल्या भिंतीवर चौकटीत लावलाय, आणि जावई घरी आला की ते त्याच्या हातात टेप देतात. तो बिचारा मान खाली घालून मोजतो.

बरोब्बर अडीच फूट. चूक निघत नाही.