पुढची लहान, मागची मोठी

इस्माईलभाई माणसाच्या तोंडाआधी त्याच्या चाकांकडे बघायचे. एकदा वरातीत नवरदेवाच्या फुलांनी मढवलेल्या मोटारीपुढे ते गुडघे टेकून बसले, तेव्हा लोकांना वाटलं त्यांना चक्कर आली. ते टायर बघत होते. मागचे दोन्ही बदलून घे, एवढं नवरदेवाला सांगून ते जेवायला गेले.

नारपोलीत त्यांचा लहानसा लूमचा कारखाना होता आणि मी शेजारी, पोस्टातला कारकून. पंचाहत्तर-शहात्तर सालच्या सुमारास या गृहस्थांनी भंगारवाल्याकडून चक्क दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार आणली. शेडमागे महिनोन्‌महिने खटपट करून तिला पुढे लहान आणि मागे चांगली मोठी, रुंद चाकं बसवली. गाडी हौदात तोंड घातलेल्या म्हशीसारखी दिसू लागली. आम्ही पोट धरून हसलो. भाई चिडले नाहीत, उलट शिकवायला बसले. "भाऊ, जोर मागं असतो. पुढचं चाक वळायला, मागचं ढकलायला. दोघांची कामं न्यारी हायेत, मग माप एक कशाला?"

सुग्राभाभी, म्हणजे त्यांची बायको, आत भाकऱ्या थापता थापता हे ऐकत असायच्या. त्यांना दमा होता. मोकळी हवा मिळावी म्हणून भाई त्यांना शेजारी बसवून दिघाशीच्या बाजूला फिरवून आणत. गाडीत एकच स्टेपनी मावायची, तीही मागच्या मापाची. पुढचं चाक पंक्चर झालं तर काय, असं भाभींनीच एकदा विचारलं. भार मागं, तर पंक्चरही मागंच होणार, असं म्हणून भाईंनी त्यांना उडवून लावलं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी भाभींचा दमा उसळला. औषध लागू पडेना. भाई त्यांना घेऊन ठाण्याच्या इस्पितळाकडे निघाले. पूर्णा गाव ओलांडलं आणि पुढचं चाक बसलं. मोठी स्टेपनी तिथे लागणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ते ती लावत राहिले, हात सोलवटून घेतले. शेवटी एक ट्रकवाला थांबला. इस्पितळाच्या दारात उतरवलं तेव्हा भाभी गेलेल्या होत्या.

मला भाईंचा राग आला होता. त्या चाकांचा तर फारच.

भाभींचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी गेलो, तर भाई शेडमागे जॅक लावून बसले होते. चारही चाकं एका मापाची केली होती. मला बघताच त्यांनी स्टेपनी पुढे लावून दाखवली. ती काढली, जॅक मागे नेला आणि मागेही लावून दाखवली. मी काही विचारलं नव्हतं.

"बघ. आता कुठलं बी चाक जाऊ दे, थांबायला लागणार न्हाय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कुठे जायचा बेत आहे?

"तिला पोचवायचं व्हतं, भाऊ. मला कुठं जायचंय?"

एवढं म्हणून ते खाली वाकले आणि आवळलेलेच नट पुन्हा आवळू लागले.