पंप बंद!

आमच्या कोरेगावात कुणाचं भांडण जुंपलं, की विलासतात्या मधे घुसून ओरडतात, "पंप बंद! पंधरा मिनिटं कुणी बोलायचं न्हाई!" आणि घड्याळ बघत येरझाऱ्या घालतात.

तात्या माझे शेजारी. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं समुद्रातल्या तेलविहिरी खोदण्यात गेली. खोदताना विहिरीत जड चिखल फिरवत ठेवतात, त्याच्या वजनानं खालचा गॅस दबून राहतो. तात्या सांगतात, "जेवढा चिखल आत, तेवढाच भाईर आला पायजे. जास्त आला, की खालनं कोणतरी ढकलतंय. मग पंप बंद करायचा न् बघायचं, विहीर आपणहून वाहतीया का." माणसांनाही ते हाच नियम लावतात.

बोअरच्या जागेवरनं माझी आणि दादाची जुंपली, तेव्हा त्यांनी आम्हाला बांधावर गप बसवलं. दहाव्या मिनिटाला दादा ताडकन उठला.

"वाहतंय, वाहतंय!" तात्या ओरडले.

"आवं तात्या, मुंग्या चावत्यात!"

आम्ही इतके हसलो, की भांडण राहूनच गेलं.

पुढं बोअरची गाडी आली. तात्यांचा पाय एका जागी ठरेना. सारखं वाकून बघायचं, काय वर येतंय. गाडीवाला वैतागला, "आजोबा, हितं पाणी लागंना, गॅस कुठला?"

मी त्यांना बाजूला नेलं. "तात्या, जीवाला एवढा घोर कशाला?"

उभ्या उभ्याच ते बोलले. "एकदा चिखल जरा जास्त आला. जरासाच. साहेब म्हणाला, चालू ठेव. मी न विचारता विहीर बंद केली. आत पाइप अडकला, लय नुकसान झालं. गॅस असला की दाबाचा काटा चढतो; तो इवलासा हलला न् थांबला. साहेब म्हणाला, भित्रा हायस."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांना किनाऱ्यावरच्या गोदामात बसवलं होतं.

"मग गॅस खरंच होता का?"

"कुणाला ठावं, गड्या."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मोडक्या हिंदीत कुणी मुत्तू सांगत होता, मुलीला मुलगा झाला. तात्यांनी दोनदा विचारलं, "और तू? तू ठीक है ना?"

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"विहीर बंद केली, त्या पाळीला नऊ जण हुते माझ्यासंगं. ह्यो त्यातलाच. समद्यांची खबरबात घेतो मी."

जरा वेळानं, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "नऊच्या नऊ हायत."