दिवाळसणाचं एरंडेल

दिवाळसणाला आलेल्या जावयानं सासरी नुसतं पाटावर बसायचं असतं. पण वीरभद्रला आपण किती कामाचे आहोत हे दाखवायचं होतं.

कारणही तसंच होतं. लातूर नवा जिल्हा झाला आणि तो तिथल्या कचेरीत कारकून लागला. तरी सासरे गुरुपादप्पा नागम्माला काही नांदायला पाठवेनात. "दुष्काळाचं साल हाय. संसार झेपतो का तुम्हाला, दिवाळीत बघू," म्हणाले होते.

जळकोटला पहाटे थंडी मजबूत. सासूबाई शरणम्मांनी अभ्यंगाला एरंडेलाचा डबा आणला. (त्या साली बांधावरची एरंडं तेवढी तगली होती.) "थंडीनं लई घट झालंय. वाटीभर काढून निखाऱ्यावर धरते," म्हणत त्या वाटी आणायला आत गेल्या.

तेवढ्यात वीरभद्रनं डबा डोक्यावर उपडा केला. तोंडाशी एक थेंब आला, त्यानं खाली बघितलं आणि तिथंच मुक्काम केला. मग जावईबापूंनी अख्खा डबाच चुलीच्या कडेला ठेवला. डबा कोमट झाल्यावर पुन्हा उपडा केला, मघासारखाच, दणकून.

आता एरंडेलाला पाय फुटले होते. सगळा डबा एका दमात डोक्यावरून पाटावर, पाटावरून न्हाणीत आणि न्हाणीतून थेट अंगणात.

"नागम्मा, बघ गं," शरणम्मा म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं लोणचं झालं."

टँकरवाल्याच्या विनवण्या करून जावयासाठी राखलेलं एकुलतं एक घंगाळभर पाणी वीरभद्रनं अंगावर ओतलं. पाणी निघून गेलं, तेल राहिलं. नागम्मानं डाळीचं पीठ चोळायला घेतलं.

"निघायलंय का गं?" त्यानं विचारलं.

"हलू नका. भजी व्हायलीत तुमची."

एवढ्यात गुरुपादप्पा अंगणात आले. वीरभद्र नमस्काराला धावला, सटकला आणि पोटावर घसरत त्यांच्या पायाशी जाऊन थांबला.

"उठा जावईबापू."

"उठता येईना, मामा."

सासऱ्यांनी पायाला लागलेलं तेल पुसलं. "नागम्मा, पेटी भर. उद्या लातूरला जायचं."

वीरभद्रला पडल्यापडल्याच आभाळ ठेंगणं झालं. "नीट सांभाळतो हिला, मामा."

"तुम्ही न्हाई. ती सांभाळंल तुम्हाला." मग ते बायकोकडं वळले. "अन् तू बी पेटी भर. एकटीच्यानं हे आवरायचे न्हाईत."