थोरल्या बाईसाहेबांच्या मागाहून पडणाऱ्या तलवारीची हकीकत

श्रीगणरायास नमस्कार, कुलस्वामिनीस नमस्कार, आणि गडावर नेटवर्क पोहोचविणारी जी कोणी देवता असेल तीस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात दोघी जावा होत्या. थोरल्या मैनाबाईसाहेब डोंगरी गडावर राहत आणि धाकट्या सुंदराबाईसाहेब राजधानीत. दोघी मोबाईलवर राक्षस मारण्याचा खेळ खेळत, आणि दसऱ्यास जी अधिक राक्षस मारील तिनेच सोने पहिले लुटावे, ऐसा धाकटीच्या हट्टाने ठराव जाहला. तो मान पिढ्यान्‌पिढ्या थोरलीचा. आता जातो की काय, हा घोर थोरल्या बाईसाहेबांस लागला. कारण गडावर नेटवर्क रखडत येई. बाईसाहेब तलवार आता चालवीत, ती पडे मागाहून, आणि तोवर बहुत वेळा राक्षस त्यांचेच मुंडके घेऊन गेलेला असे. आम्ही सारीपाट खेळलो आहो. फासा हातातून सुटला की पटावर पडे, वाटेत मुक्काम करीत नसे! मग बाईसाहेबांनी खेळाचे कारभारी नरसोपंत यांस फैलावर घेतले. पंत म्हणाले, "बाईसाहेब, नेटवर्क माझ्या हाती नाही, राक्षस आहेत. नेटवर्क रखडले की तुमच्याकडचे राक्षस मंद करतो." आणि तैसे केले. परंतु मंद होण्याचा हुकूमही त्याच रखडत्या वाटेने गडावर येई! मग नेटवर्क अडे तेव्हा राक्षस वाऱ्यासारखे धावत, आणि नेटवर्क सुधारे तेव्हा हुकूम पोहोचून जागीच उभे राहत. ते आपल्या मोबाईलवर पाहून सुंदराबाईसाहेब फोनवर बोलल्या, "आक्कासाहेब, राक्षस लढायला आलेत की पानसुपारीला?" बाईसाहेब बहुत संतापल्या. "पंत, पुरे तुमची मेहेरबानी! राक्षस होते तसे करा. आणि सुंदरे, दसऱ्याला गडावर ये. माझ्या शेजारी बसून खेळ." मग सुंदराबाईसाहेब मेण्यातून आल्या आणि खेळ सुरू जाहला. त्यांनी तलवार उगारली, त्यांचेच मुंडके गेले. पुन्हा उगारली, पुन्हा गेले. ओरडल्या, "अगंबाई, माझी तलवार कुठंय?" थोरल्या मान वर न करता म्हणाल्या, "वाटेत आहे. येईल." आणि स्वतः राक्षस दिसण्याआधीच वार सोडीत, वार सावकाश येई आणि राक्षस त्याखाली आपण होऊन सापडे. इतकी वर्षे गडावर राहून हा हिशेब त्यांच्या हातात बसला होता. सोने थोरल्यांनीच पहिले लुटले.

सारांश, मान राहिला, राक्षस होते तसे राहिले, आणि नेटवर्कही होते तिथेच आहे. पंत म्हणतात, टॉवरचे काम चालू आहे. ते ऐकता ऐकता आमचे केस पांढरे जाहले. इति.