नानांच्या डबीचे नियम

भास्करनानांना काहीही विचारा, ते आधी चार सेकंद गप्प राहतात आणि मग उत्तर देतात. ऐकू कमी येतं म्हणून नव्हे. "माणूस थांबला म्हंजी त्याचं बोलणं संपलं असं न्हाय," असं ते म्हणतात. "आकडा पुरा झाला का ते बघावं. मंग लाइन जोडावी."

नाना चौलला आमच्याच आळीत, दोन वाड्या सोडून राहतात. टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. सुपारीच्या बागांमधून तारा ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग एका वादळात खांब आडवे झाले आणि ते काही पुन्हा उभे राहिले नाहीत. आता घरोघरी इंटरनेटची केबल आली आहे. त्या केबलवर घरातला जुना फोन चालवणारी तळहाताएवढी डबी मिळते. आळीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी ती नानाच बसवतात. नुसती बसवत नाहीत, तर संगणकावर तिचं पान उघडून तिला डायलिंगचे नियम घालून देतात. किती आकडे आले की फोन लावायचा, कोणत्या आकड्याच्या आधी काय जोडायचं, अर्धवट आकड्यावर किती थांबायचं. थांबायचे सेकंद अर्थातच चार.

या चार सेकंदांनी त्यांचं एकदा भलंही केलं. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याही म्हणाले, "मग कार्य आमच्याकडे पालीला करू ना?" नाना गप्प. ती शांतता व्याह्यांना इतकी जड गेली की तेच घाईघाईने म्हणाले, "बरं बरं, चौललाच करू." नाना आजही सांगतात, "मी तर व्हय म्हननार होतो!"

डबीने मात्र एकदा फजिती केली. आळीत पूर्वी तीन आकडी नंबर होते आणि म्हाताऱ्यांना ते अजून पाठ आहेत. नानांनी ते सगळे डब्यांमध्ये घातले. दोनशे बावीस दाबलं की पिठाची गिरणी. आताचे लांबलचक नंबरही याच तीन आकड्यांनी सुरू होतात, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पहिले तीन आकडे मिळाले की डबी पुढचं ऐकूनच घेईना. आठवडाभर कोणी डॉक्टरांना फोन लावो की शाळेला, उचलायच्या त्या गिरणीवाल्या शेवंताकाकू. भटजींना तिथी विचारायला कोणी फोन केला, तर काकू कडाडल्या, "तिथी कसली? तांदूळ हायत का नाचनी, ते सांगा!" नानांनी घरोघर जाऊन माफी मागितली. तीही जरा थांबूनच.

माझ्याकडे ते डबी घेऊन आले तेव्हा सुमनला, माझ्या बायकोला, जाऊन दीड महिना झाला होता. आमच्या घरातलं बोलणं तिच्याकडे होतं आणि वाचन माझ्याकडे. ती गेल्यावर मी बोलणंच सोडून दिलं. मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. पुण्याला असलेली माझी मुलगी मुक्ता हवालदिल झाली. "बाबांचा आवाज ऐकून पंधरा दिवस झाले," असं नानांना कळवून तिनेच ती डबी पाठवली होती.

"मला फोन नको, नाना," मी म्हणालो. "लावू कोणाला?"

"तुमी लावू नका," नाना सावकाश म्हणाले. "मी निस्ता बसवून जातो."

दोन तास ते माझ्या टेबलाशी पुटपुटत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "रूल घातलेत सगळे." मी फोनवर फडकं टाकलं.

पुढे एका दुपारी सुमनच्या साड्या आवरत होतो. एका घडीतून तिचा चष्मा निघाला. शेवटच्या महिन्यात तिने तो घरभर शोधला होता आणि कुठेतरी ठेवलात म्हणून नानांसमोर मला बोलही लावला होता. चष्मा सापडल्याचं कोणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं. मी फडकं काढून रिसीव्हर उचलला. पण ज्याला हे ऐकून आनंद झाला असता, असं माणूस एकच होतं. एकही बटण न दाबता मी तो नुसता कानाशी धरून उभा राहिलो.

थोड्या वेळाने आतला घूंघूं आवाज थांबला आणि पलीकडे आपोआप घंटी वाजू लागली.

"बोला मास्तर." आवाज नानांचा होता.

"मी काहीच दाबलं नाही," मी गडबडून म्हणालो.

"ठावं हाय. आकडा न दाबता कोनी निस्ता धरून बसला, तर माझ्याकडं लागावा, असा रूल घातलाय तुमच्या डबीत. माझी बायको मालती गेली तवा मी बी असाच धरून बसायचो. काय सांगायचं होतं?"

"सुमनचा चष्मा सापडला."

"कुठं?"

"साडीच्या घडीत."

"आनि बोलनी तुमी खाल्लीत," नाना म्हणाले. मला हसू आलं, आणि मग रडू. नानांनी फोन ठेवला नाही.

जरा शांत झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही नुसता उचललात, तर कोणाकडे लागतो?"

"माझ्या डबीत तो रकाना रिकामा हाय," नाना म्हणाले. "पोरगी तिच्या संसारात. आनि कोनाचा नंबर घालू?"

मी म्हणालो, "संगणक चालू करा. आलोच."

दोन वाड्या ओलांडून मी त्यांच्याकडे गेलो. नानांनी रकाना दाखवला. मी एका बोटाने, एकेक आकडा शोधत, माझा नंबर भरला. त्यांनी दोनदा तपासला.

"आता उचलून बघा," मी म्हणालो.

"तुमी इथं, मंग तिथं कोन घेनार?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पायात चपला सरकवल्या आणि निघालो. नाना मागून ओरडले, "सावकाश जा मास्तर, मी थांबतो!"

पण ते थांबले नाहीत. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा घरात फोन वाजत होता.