कोरसमधला आवाज

साहेबराव हिवराळे घरी आलेल्या प्रत्येक माणसाला चहाच्या आधी कॅसेट दाखवत. 'निळी पहाट', गायक फकिरा दाभाडे आणि साथी. त्या 'आणि साथी'वर बोट ठेवून ते म्हणत, "हे आम्ही. कोरस." मुलासाठी, सम्यकसाठी मुलगी बघायला पिशोरला गेले तेव्हाही कॅसेट खिशात होती. मुलीचे वडील तात्यासाहेब त्या बोटावर असे काही भाळले की पत्रिकेत नाव कुणाचं आधी घालायचं, यावरूनसुद्धा भांडण झालं नाही.

खरी गोष्ट अशी, की साहेबराव कोरसमध्ये नव्हतेच. गेले होते मात्र कोरसलाच. त्या काळी रेकॉर्डिंग म्हणजे गुलमंडीच्या मागची एक खोली, भिंतींना बांधलेल्या गाद्या, आवाज येतो म्हणून बंद ठेवलेला पंखा आणि सगळ्यांत मिळून एक माईक. एक जण चुकला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. साहेबराव इतक्यांदा चुकले की पेटीवाल्याने हात जोडले. पण फकिरादादा मनाचा मोठा माणूस. गाणी कव्वालीच्या थाटाची होती, समोर मैफल बसल्यासारखं वाटायला कुणीतरी दाद द्यायला हवी होती. "साहेबराव, तू कोपऱ्यात उभा राहा. ओळ संपली की वाहवा कर," ते म्हणाले. तेवढं काम मात्र साहेबरावांनी झकास केलं.

हे बायकोला ते सांगणार होते, देवाशप्पथ नाही पण मनापासून सांगणार होते. लग्नानंतर पहिल्यांदा कॅसेट लावली आणि दुसऱ्याच ओळीला लीलाबाई म्हणाल्या, "आवाज लई गोड हाय दादांचा. पन ह्यो मधीच कोन बोंबलतो मेला?"

"व्हय ना," साहेबराव म्हणाले. "लई आगाऊ मानूस."

झालं. तिथून पुढं दर भीमजयंतीला कॅसेट लागायची आणि दोघं नवरा-बायको मिळून त्या आगाऊ माणसाला शिव्या घालायचे. साहेबरावांचा आवाज जरा जास्तच चढायचा.

अमृता सून म्हणून घरी आली आणि पोरीने सासऱ्याचं भलं करायचं मनावर घेतलं. जयंतीला विहारात कॅसेट नव्याने वाजवायची म्हणून ती गुपचूप सिडकोतल्या गोकुळच्या स्टुडिओत घेऊन गेली. एक दिवस जेवताना म्हणाली, "मामा, फकिरादादांचा आवाज एकदम स्वच्छ निघाला. पण कोरसच्या जागी टेप खराब झालीय. गोकुळदादा म्हणतात, कोरस नव्यानं गाऊन घ्यावा लागेल. बरं झालं, तुम्ही आहात."

साहेबरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "अगं, घसा बसलाय माझा."

"ज्येष्ठमध देते की," लीलाबाई म्हणाल्या.

"आन् बाकीचे साथी कुठून आनायचे? कोन राह्यलंय आता?"

"गरजच नाही मामा! तुमचा एकट्याचाच आवाज चार वेळा घेतात आणि चौघांचा कोरस करतात."

विज्ञानाने एवढी प्रगती करायला नको होती, असं साहेबरावांना त्या दिवशी फार वाटलं. त्यात अमृताने माहेरी फोन केला. ठरल्या दिवशी तात्यासाहेब पहिल्या एसटीने झेंडूचा हार घेऊन हजर. "जय भीम, इवाई! म्हनलं, तुमचं गानं डोळ्यांनी बघावं."

साहेबरावांची शेवटची आशा एवढीच होती, की खोलीत गर्दी असेल आणि गर्दीत ओठ हलवले की भागेल. पण हल्ली तसं नसतं. काचेच्या खोलीत ते एकटे, कानांवर हेडफोन, नाकासमोर माईक. आणि काचेपलीकडे गोकुळ, बायको, सून, व्याही.

पहिल्या खेपेला त्यांनी नुसते ओठ हलवले.

"काका, आवाज येईना," गोकुळ म्हणाला.

"मशीन बिघडलं आसंल," लीलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला आवाज आला. गोकुळने आधी मशीनकडे पाहिलं, मग काकांकडे. तात्यासाहेबांनी हार या हातातून त्या हातात घेतला. "गरम झाल्याशिवाय इंजिन वढत नाय," ते म्हणाले, पण त्यांनाही ते पटलेलं दिसत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला हेडफोनमध्ये फकिरादादांनी वरची जागा घेतली. ओळ संपली, आणि साहेबरावांना न विचारताच त्यांच्या तोंडून निघालं, "वा! क्या बात है, दादा! जीते रहो!"

गोकुळ खुर्चीतून उठलाच. "आरे! सेम टू सेम कॅसेटवाला!"

लीलाबाईंनी आत बोलायचं बटन कुठलं ते विचारून घेतलं आणि दाबलं. "अहो. त्यो बोंबलनारा तुमीच व्हय?"

साहेबरावांनी मान हलवली.

"आन् कोरस?"

"कोरसमधी नव्हतोच मी, लीला. मला गाता येत नाय."

माईक चालू होता. ते वाक्य मोठ्या स्पीकरवर, फकिरादादांच्या खालोखाल स्वच्छ वाजलं. तात्यासाहेबांनी हार हळूच पिशवीत सरकवला. साहेबरावांनी ते पाहिलं आणि त्यांना इतकी लाज वाटली की त्या खोलीला मागचं दार असतं तर ते थेट गावी पाचोडपर्यंत चालत गेले असते.

गोकुळला मात्र कामाचं पडलं होतं. "काका, कोरसला मी माझी पोरं घेतो. पण साफसफाईत कॅसेटवरची वाहवापण पुसली गेलीय. त्याबिगर गाणं लई कोरडं वाटतं. तेवढं म्हना."

साहेबराव म्हणायला गेले. पण आता सगळ्यांना कळलं होतं. 'वा' निघाला तो दवाखान्यात पाणी मागावं तसा. पुन्हा म्हटलं, तो त्याहून बारीक. डोळ्यांत पाणी यायला लागलं.

लीलाबाईंना ते बघवेना. "अस्सं नाय हो!" त्यांनी परत बटन दाबलं. "एवढी वर्सं ऐकतीया मी, मला पाठ हाय. वा! क्या बात है, दादा! जीते रहो!"

गोकुळ गर्रकन वळला. "काकू, तुमीच या आत."

साहेबराव बाहेर आले, लीलाबाई पदर खोचून आत गेल्या. एका दमात सगळ्या जागा घेतल्या, वर एक जागा आपल्या मनाची घातली. साहेबराव भिंतीशी मान खाली घालून उभे होते. होती नव्हती ती वाहवापण गेली.

"इहीनबाई जोरात हायेत," तात्यासाहेब म्हणाले, आणि पिशवीतला हार निघाला तो लीलाबाईंच्या गळ्यात पडला.

अमृता मोबाईलवर गाण्याखाली द्यायची नावं लिहायला बसली. "मामा, तुमचं नाव..."

"नको लिहू, पोरी."

"बरं. आत्याबाई, तुमच्या नावापुढं 'वाहवा' लिहिते."

लीलाबाईंनी हार नीट केला, व्याह्यांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वाहवा नको गं बाई. चारचौघांत कसं दिसंल ते? कोरस लिही."